राजाला शह, बँकेत चेक

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मी पोटापाण्यासाठी बँकेत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात मराठीत कविता लिहितो. बँकेचा काउंटर हे शब्द ऐकण्यासाठी फार चांगले ठिकाण आहे. माणसे तिथे घाईत असतात, काळजीत असतात आणि घाईतला माणूस शब्द जसा येईल तसा वापरतो. एकदा दुपारी एका गृहस्थांनी चेक पुढे सरकवला. मी नेहमीप्रमाणे विचारले, "क्रॉस चेक आहे का हा?" ते ठामपणे म्हणाले, "हो साहेब, दोनदा केला. रक्कम बरोबर आहे."

मला विचारायचे होते की चेकवर दोन तिरप्या रेघा मारल्या आहेत का. त्यांना वाटले, आकडे दोनदा तपासले का म्हणून विचारतोय. दोघांचेही बरोबर होते. शेजारच्या टेबलावरचा शिपाई हसून म्हणाला, "साहेब, आधी चेक चेक करा, मग बोला." तेव्हा माझ्या लक्षात आले की ते गृहस्थ चेकचा शर्ट घालून आले होते. घरी आलो तर टीव्हीवर बातमी होती, गावाबाहेरच्या चेकनाक्यावर गाड्यांची तपासणी सुरू आहे. पत्नी म्हणाली, उद्या डॉक्टरांकडे चेकअपला जायचे आहे.

एकच इंग्रजी शब्द आणि एका दिवसात इतके अर्थ. पैसे देण्याचा कागद, तपासणे, कापडावरच्या चौकड्या, अडवणे. यांचा एकमेकांशी संबंध तरी काय? की हे वेगवेगळे शब्द आहेत आणि योगायोगाने सारखे ऐकू येतात? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना मला जे सापडले, ते आज सांगणार आहे. त्यात माझी एक चूकही आहे. तीही सांगेन.

सुरुवात आमच्या घराच्या ओट्यावरून करतो. अब्बा शिंपी होते. तालुक्याच्या गावी बाजारपेठेत आमचे शिलाईचे दुकान होते. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसायचे. त्या वेळी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी यायचे आणि दुकानाच्या ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडला जायचा. शिंप्याला आमच्याकडे मास्तर म्हणतात. म्हणजे एका बाजूला गुरुजी, दुसऱ्या बाजूला मास्तर. मी मध्ये बसून काजे-बटणे करायचो आणि खेळ बघायचो.

"मास्तर, शह!" गुरुजी म्हणायचे.

"बघतोय, गुरुजी." अब्बा राजा एक घर सरकवायचे आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला घ्यायचे.

पुढे मी कॉलेजात गेलो. तिथे मुले इंग्रजी पुस्तकातून बुद्धिबळ शिकलेली होती. सुट्टीत घरी आल्यावर मी गुरुजींशी डाव मांडला आणि ऐटीत म्हणालो, "चेक!" गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. म्हणाले, "शह म्हण की रे. तेच आहे ते."

मला वाटले, गुरुजी भाषांतर सांगताहेत. चेक हा इंग्रजी शब्द, शह हा आपला. पुष्कळ वर्षांनी कळले की गुरुजींचे बोलणे अक्षरशः खरे होते. शह आणि चेक हे दोन शब्द नाहीतच. तो एकच शब्द आहे. एक इराणातून सरळ आपल्याकडे आला. दुसरा इराणातून अरबस्तान, तिथून युरोप, तिथून इंग्लंड असा वळसा घालून जहाजाने इथे उतरला. दोघे भाऊ वेगवेगळ्या वाटांनी निघाले आणि आमच्या ओट्यावर पटाच्या दोन बाजूंना येऊन बसले.

हा प्रवास असा झाला. बुद्धिबळाचा सर्वांत जुना ज्ञात अवतार म्हणजे आपल्याकडचा चतुरंग. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे, म्हणून चतुरंग. साधारण सहाव्या शतकात हा खेळ इराणात पोचला. तिथे त्याचे नाव झाले चतरंग. भारतातल्या राजाने हा खेळ कोडे म्हणून नौशेरवान बादशहाच्या दरबारी पाठवला आणि त्याच्या बुजुर्गमेहेर नावाच्या वजिराने ते सोडवले, अशी कथा जुन्या इराणी ग्रंथांत आहे. फिर्दौसीच्या शाहनाम्यातही ती येते. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकले आणि खेळ त्यांच्या हाती आला. अरबीत 'च' नाही आणि आपल्यासारखा 'ग'ही नाही, म्हणून चतरंगाचे शतरंज झाले.

इराणी खेळाडूंचा एक रिवाज होता. समोरच्याच्या राजावर हल्ला झाला की गप्प बसायचे नाही, तोंडाने सांगायचे, "शाह!" म्हणजे, महाराज, सांभाळा. राजाला बेसावध मारायचे नाही, हा त्यामागचा शिष्टाचार. आजच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांत असे तोंडाने सांगण्याची सक्ती नाही, पण ओट्यावरच्या खेळात आपण अजून सांगतो. राजा पूर्ण कोंडला गेला की म्हणायचे, "शाह मात." त्यातल्या 'मात'चा अर्थ काहीजण अरबीप्रमाणे 'मेला' असा लावतात. फारसीत मात म्हणजे निरुपाय झालेला, थक्क झालेला. मला हा दुसरा अर्थ अधिक पटतो, कारण बुद्धिबळात राजा मरत नाही. त्याला जायला जागा उरत नाही, इतकेच.

याच पटावरून एक नावही निघाल्याची गोष्ट सांगतात. फारसीत हत्तीच्या जागेवरच्या सोंगटीला 'रुख' म्हणतात. इंग्रजी 'रूक' त्यावरूनच आला. एकाच खेळीत राजा आणि रुख दोघांवर हल्ला झाला की ती 'शाहरुख' खेळी. तैमूरलंग ही खेळी करत असतानाच मुलगा झाल्याची बातमी आली, म्हणून त्या मुलाचे नाव शाहरुख ठेवले, अशी कथा आहे. रुखचा दुसरा अर्थ चेहरा. त्यामुळे राजबिंड्या चेहऱ्याचा, असा अर्थही या नावाला आपोआप मिळतो.

आता युरोपात जाऊ. अरबांबरोबर हा खेळ स्पेन आणि इटलीच्या वाटेने तिकडे गेला. लॅटिन लिहिणाऱ्यांनी 'शाह'मधल्या 'ह'चा 'क' केला आणि 'स्काकुस' असा शब्द बनवला. जुन्या फ्रेंचमध्ये तो 'एशेक' झाला. इंग्रजांनी पुढचा 'ए' टाकून दिला आणि उरला 'चेक'. या फ्रेंच शब्दाचे अनेकवचन 'एशे', त्यावरून इंग्रजीत खेळाचे नाव 'चेस' पडले. म्हणजे चेस आणि चेक हेही एकाच घरचे. दोन्हींचा मूळ अर्थ राजा. चेकमेट म्हणजे अर्थातच 'शाह मात'. फ्रेंचमध्ये तर 'एशेक' या शब्दाला आज 'अपयश' असाही अर्थ आहे. राजाची काय अवस्था झाली बघा!

चौदाव्या शतकात इंग्रजीत हा शब्द पटावरचा इशारा म्हणून वावरत होता. मग तो पटावरून खाली उतरला. राजाला शह बसला की त्याला हवे तसे चालता येत नाही, वाट अडते. म्हणून चेक म्हणजे अडथळा, रोखणे, लगाम घालणे. धावता घोडा आवरला तरी चेक, राग गिळला तरी चेक. मग जो अडवतो तो साहजिकच विचारपूसही करतो. कोण, कुठले, बरोबर काय आहे? म्हणून सतराव्या शतकाच्या अखेरीस चेक म्हणजे पडताळून पाहणे, हा अर्थ रूढ झाला. आज आपण तोच सर्वांत जास्त वापरतो. आधी थांबवणे, मग तपासणे. चेकनाक्यावर हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी उभे असतात. आधी आडवा बांबू, मग कागदपत्रे.

आपल्याकडच्या चेक डॅममध्ये मात्र जुनाच अर्थ आहे. ओढ्याचे पाणी रोखणारा, त्याचा वेग मोडणारा छोटा बंधारा. माझ्या एका शेतकरी मित्राची समजूत वेगळी होती. तो म्हणाला, "सरकारचा चेक निघाल्याशिवाय कंत्राटदार हात लावत नाही, म्हणून त्याला चेक डॅम म्हणतात." व्युत्पत्ती चुकीची होती, पण अनुभव पक्का होता.

राहिल्या कापडावरच्या चौकड्या आणि बँकेतला चेक. त्यांच्यासाठी पुन्हा पटाकडे जावे लागेल.

राजावरून खेळाचे नाव पडले तसे खेळावरून पटाचेही पडले. लॅटिनमध्ये बुद्धिबळाच्या पटाला 'स्काकारियुम' म्हणू लागले, फ्रेंचमध्ये 'एशेकिए'. पटासारख्या चौकटी जिथे दिसतील तिथे हे नाव चिकटले. त्याचेच छोटे रूप कापडासाठी आले, तेच आपले चेकचे कापड. गंमत बघा, ज्या शब्दाचा अर्थ राजा, तो आता सदऱ्यावर आला. अब्बा चेकच्या कापडाला जरा वचकून असत. सदऱ्याचा खिसा लावताना त्याच्या चौकड्या अंगाच्या चौकड्यांशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. बटणपट्टीवर दोन्ही बाजूंच्या रेघा एका ओळीत आल्या पाहिजेत. त्यासाठी कापड थोडे जास्त लागते. गिऱ्हाइकाला वाटायचे, मास्तर कापड मारतोय. अब्बा खिसा ठेवून दाखवायचे आणि म्हणायचे, "रेघ मोडली तर लोक तुम्हाला नाही, मला हसतील."

त्याच पटाने इंग्लंडच्या सरकारी तिजोरीलाही नाव दिले. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब एका मोठ्या टेबलावर होत असे. रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने त्या काळातच त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. टेबल सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद. वर ठेवलेले काही घरंगळून पडू नये म्हणून कडेला चार बोटे उंच काठ. त्यावर रेघा आखलेले काळे कापड. परगण्याचा वसुली अधिकारी, म्हणजे शेरीफ, वर्षातून दोनदा येई. येणे किती, जमा किती, हे त्या रेघांमध्ये सोंगट्या मांडून ठरवले जाई. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही डोळ्यांनी हिशेब दिसावा, अशी ती सोय. टेबल बुद्धिबळाच्या पटासारखे दिसे, म्हणून त्या कचेरीचेच नाव पडले 'एक्सचेकर'. फिट्झनीलने आणखी एक कारण दिले आहे. पटावर दोन राजे लढतात, तसे इथे खजिनदार आणि शेरीफ समोरासमोर बसून लढतात. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही 'चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर' म्हणतात. थोडक्यात, बुद्धिबळाच्या पटाचा प्रधान!

या हिशेबाची पावती लाकडाची असे. काठीवर रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या आणि काठी उभी चिरायची. एक भाग देणाऱ्याकडे, दुसरा घेणाऱ्याकडे. पुढे वाद झाला तर दोन्ही भाग जोडून पाहायचे. खाचा जुळल्या तर व्यवहार खरा. अब्बांच्या खिशाच्या चौकड्यांसारखेच! १८३४ साली अशा जुन्या काठ्यांचा साठा भट्टीत जाळताना लंडनच्या संसदेला आग लागली आणि तिची जुनी इमारत जवळजवळ सगळी भस्मसात झाली.

ही दोन भाग जुळवण्याची कल्पना कागदावरही चालत राहिली. पैसे देण्याच्या चिठ्ठीचा एक तुकडा आपल्याकडे राखून ठेवायचा, म्हणजे कोणी रक्कम वाढवली किंवा खोटी चिठ्ठी आणली तर पडताळता येईल. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत या राखून ठेवलेल्या तुकड्यालाच 'चेक' म्हणत. आपण ज्याला काउंटरफॉइल म्हणतो तो. हळूहळू हे नाव तुकड्यावरून सबंध कागदाला लागले. स्पेलिंगच्या शेवटी इंग्रजांनी 'क्यूयूई' ही अक्षरे आणली. त्यामागे 'एक्सचेकर'चे वजन असावे, असे कोशकार मानतात. अमेरिकनांनी जुनेच साधे स्पेलिंग ठेवले. अमेरिकेत हॉटेलात जेवून उठताना बिल मागायचे असेल तरी 'चेक' मागतात. आपले युरोपातले चेक लोक मात्र या गोतावळ्यातले नाहीत. ते आपले नाव चेख नावाच्या दंतकथेतल्या मूळपुरुषावरून सांगतात. सारखे ऐकू आले की नाते असतेच असे नाही.

आता माझी चूक.

काही वर्षांपूर्वी एका गावी काव्यवाचन झाले. कार्यक्रमानंतर एक सज्जन आपुलकीने जवळ आले. म्हणाले, "तुमचं मराठी ऐकून वाटतच नाही हो..." पुढचे वाक्य त्यांनी सोडून दिले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण हे अर्धे वाक्य मी तीस वर्षे ऐकत आलो आहे. त्याला दुसरी बाजूही आहे. आमच्या नात्यातले एक बुजुर्ग मला दर ईदला विचारायचे, "अपनी जबान छोड़के मराठी में कायको लिखता रे?" दोन्हीकडे जणू चेकनाका. दोन्हीकडे कागद दाखवा.

मग मी कागद गोळा करायला लागलो. मराठीतले फारसी आणि अरबी मुळाचे शब्द वहीत उतरवू लागलो. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव ज्यूलियन, यांचा १९२५ सालचा फारसी-मराठी कोश पालथा घातला. कागद, शाई, हिशेब, जमीन, बाजार. प्रत्येक शब्द सापडला की मला वाटे, हा आणखी एक दाखला. बघा, आम्ही इथे किती जुने आहोत!

अशातच कोणीतरी सांगितले की बँकेतला 'चेक' हा अरबी 'सक्क'वरून आला. सक्क म्हणजे पैसे देण्याचा लेखी कागद, आणि तो व्यवहार खरोखरच होता. दहाव्या शतकातल्या इब्न हौकल या प्रवाशाने आफ्रिकेतल्या एका व्यापाऱ्यावरच्या ४२ हजार दिनारांच्या सक्कची नोंद केली आहे. मला हर्ष झाला. मी पोटासाठी चेक पास करतो, आणि चेक तर आमचाच! एका व्याख्यानात मी हे टाळ्या घेत सांगून टाकले.

आठवड्याने एका निवृत्त प्राध्यापकांचे पोस्टकार्ड आले. अक्षर सुरेख, मजकूर चार ओळींचा. सक्क खरा, पण इंग्रजी चेकची वाट निराळी आहे. मधल्या शतकांत सक्कपासून चेकपर्यंत पोचवणारा दुवा दिसत नाही, आणि काउंटरफॉइलचा दुवा मात्र कागदोपत्री दिसतो. कोश पुन्हा पाहावा, असे त्यांनी सुचवले होते. मी पाहिले. त्यांचे बरोबर होते.

पहिल्यांदा खट्टू झालो. मग हसू आले. ज्या शब्दाला मी सक्कच्या दारातून घरी आणू बघत होतो, तो शहच्या दारातून केव्हाच आलेला होता. पण खरी लाज वेगळ्या गोष्टीची वाटली. लोक मला जे विचारतात, तेच मी शब्दांना विचारत होतो. तू मूळचा कुठला? कोणाचा? जणू शब्दाची किंमत त्याच्या जन्मदाखल्यावर ठरते.

आणि जन्मदाखला तरी कुठवर जातो? 'शाह' हा फारसी शब्द धरू. प्राचीन इराणी भाषेत त्याचे रूप 'क्षायथिय' असे होते. त्याच्या मुळाशी सत्ता चालवणे या अर्थाचा धातू आहे. त्याच धातूवरून तिकडे राज्य या अर्थाचा 'क्षथ्र' निघाला, ज्याचे पुढे 'शहर' झाले. आपल्याकडे संस्कृतात 'क्षत्र' आणि 'क्षत्रिय'. म्हणजे शह, शहर आणि क्षत्रिय हे चुलत भाऊ. इराणी प्रांताधिपतीच्या पदवीचे आपल्याकडचे रूप 'क्षत्रप'. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान क्षत्रपाच्या काळातले लेख आजही दगडावर वाचता येतात. त्यांना जवळजवळ १९०० वर्षे झाली. मग या शब्दाला परका म्हणायचे की घरचा? आणि हो, 'शहाणा' या कुटुंबातला नाही बरे. तो संस्कृत 'सज्ञान'वरून आला. तिथेही माझा हात एकदा वळला होता, पण पोस्टकार्ड आठवले आणि आधी कोश उघडला.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला. दरबारातल्या फारसी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले गेले. नव्या स्वराज्याला कारभाराची आपली भाषा हवी वाटली, हे समजण्यासारखे आहे. त्याच वेळी लोकांनी रोजच्या वापरात जे शब्द मुरवून घेतले होते, ते तसेच चालू ठेवले. खुद्द महाराजांच्या वडिलांचे नाव शहाजी. अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केल्यामुळे मालोजीराजांनी मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. राजाच्या घरातही शब्द असा श्रद्धेच्या वाटेने आला. त्याला कोणी नाक्यावर अडवले नाही.

शब्द नव्या घरी आला की तिथले वळणही घेतो. हैदराबादचा माझा मामेभाऊ एकदा सुट्टीला आला होता. मराठी वर्तमानपत्रात ठळक मथळा होता, अमुक नेत्याने तमुक नेत्याला शह दिला. त्याने विचारले, "भाईजान, ये दोनो एकही पार्टी में हैं क्या?" कारण उर्दू-हिंदीत 'शह देना' म्हणजे चिथावणी देणे, पाठीशी उभे राहणे. मराठीत शह देणे म्हणजे आव्हान देणे, कोंडी करणे. एकच शब्द, पण हैदराबादेत तो पाठबळ देतो आणि पुण्यात वाट अडवतो. मराठीने तर त्यावर आणखी कारागिरी केली. शहाला उत्तर म्हणून 'काटशह' हा शब्द बनवला. संकटावर, आजारावर 'मात' करायला शिकवले. पटावर मात होते तो हरतो, मराठीत मात करतो तो जिंकतो. हा मराठीचा स्वतःचा हात आहे. तो कुठल्या कोशातून आयात केलेला नाही.

या सगळ्या शोधात मला सर्वांत आवडलेला शब्द शेवटी सांगतो. आपण मराठीत आदिलशाही म्हणतो, निजामशाही म्हणतो, शिवशाही म्हणतो. हुकूमशाही आणि नोकरशाहीही म्हणतो. आणि हिंदीत ज्याला लोकतंत्र म्हणतात, त्याला आपण लोकशाही म्हणतो. 'लोक' संस्कृत, 'शाही' फारसी. मधे शिवण आहे, पण बोटाला लागत नाही. अब्बांनी चौकड्या जुळवाव्यात तशी जुळली आहे. या शब्दात राजाच्या जागी लोक बसले.

इंग्रजीत सरकारच्या एका शाखेने दुसरीला आवर घालण्याला 'चेक' म्हणतात. विधिमंडळ, न्यायालय, सरकार, प्रत्येकाने दुसऱ्याला मर्यादेत ठेवायचे. म्हणजे लोकशाही आणि तिला सांभाळणारा चेक, दोन्हींच्या पोटात तोच जुना 'शाह' आहे. इराणी खेळाडू राजाला तोंडावर सांगत, महाराज, सांभाळा. तो इशारा शत्रुत्वाचा नव्हता, तो खेळाचा नियम होता. सत्तेवर जो कोणी बसला असेल त्याला हे तोंडावर, स्पष्ट आणि न घाबरता सांगता आले पाहिजे. लोकशाहीत हे काम नागरिकाचे आहे. त्यासाठी त्याला आधी आपला जन्मदाखला दाखवावा लागू नये.

आता बँकेत चेक कमी येतात. लोक मोबाइलवरून पैसे पाठवतात. २०१२ पासून चेकची मुदतही सहा महिन्यांऐवजी तीन महिने झाली आहे. उद्या कागदाचा चेक कदाचित दिसेनासा होईल. पण शब्द जाणार नाही. तो आत्तापर्यंत कितीदा तरी कामे बदलून टिकला आहे. खेळही टिकला आहे. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. ज्या देशातून चतुरंग निघाला, तिथे तो जगाचा फेरा मारून परत आला आहे.

गुरुजी गेले, अब्बाही गेले. त्यांचा पट माझ्याकडे आहे. एक काळा घोडा हरवला होता, त्याच्या जागी अब्बांनी दोऱ्याचे रिकामे रीळ ठेवले होते. ते अजून घोडा म्हणूनच चालते. नातवाबरोबर खेळताना तो "चेक" म्हणतो, मी "शह" म्हणतो. परवा त्याने विचारले, "आजोबा, बरोबर कुठलं?"

मी म्हणालो, "तेच आहे ते. तू आधी राजा सांभाळ."